वसुलीच्या कागदांतून माणसं शोधणारा इतिहासकार: पाउल योहान्सेन

तेराव्या शतकातल्या एस्टोनियन शेतकऱ्याने स्वतःबद्दल एक ओळही लिहून ठेवलेली नाही. त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते त्याचा मुलूख जिंकणाऱ्यांनी, त्याला बाप्तिस्मा देणाऱ्यांनी आणि त्याच्याकडून सारा वसूल करणाऱ्यांनी. तेही लॅटिनमध्ये किंवा जर्मनमध्ये. मग अशा माणसांचा इतिहास लिहायचा कसा? एस्टोनियाच्या टॅलिन शहरात जन्मलेल्या पाउल योहान्सेन (१९०१–१९६५) या इतिहासकाराने या प्रश्नावर सगळं आयुष्य घालवलं. वसुलीचे कागदच पुन्हा पुन्हा वाचायचे, आणि लिहिणाऱ्याने जे सांगायचं मनातही आणलं नव्हतं ते त्यांतून काढायचं, ही त्यांची रीत. मध्ययुगाचा अभ्यास प्रत्यक्षात कसा चालतो हे कुणाला समजून घ्यायचं असेल तर त्यांच्या कारकिर्दीपासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी आधी तो काळ थोडा समजून घेऊ. धर्मयुद्धं म्हटली की आपल्याला जेरुसलेम आठवतं. बाल्टिक समुद्राच्या काठावरही तशीच धर्मयुद्धं झाली, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर नसतं.

बाप्तिस्म्याची चढाओढ

१२०१ मध्ये बिशप आल्बर्ट या जर्मन धर्माधिकाऱ्याने रीगा शहर वसवलं. पुढच्याच वर्षी ‘तलवारीचे बंधू’ नावाचा लढाऊ साधूंचा पंथ उभा राहिला आणि आजच्या लाटविया-एस्टोनियाच्या मुलखावर स्वाऱ्या सुरू झाल्या. तिथले लोक ख्रिस्ती नाहीत, एवढं कारण पुरेसं होतं. १२१९ मध्ये डेन्मार्कचा राजा वाल्डेमार दुसरा आरमार घेऊन उत्तर किनाऱ्यावर उतरला आणि आज टॅलिन आहे तिथे त्याने ठाणं मांडलं. आता एकाच मुलखावर दोन ख्रिस्ती सत्तांचा डोळा होता. त्यामुळे बाप्तिस्मा हा नुसता धर्मविधी राहिला नाही. ज्याच्या पाद्र्याने गावाला बाप्तिस्मा दिला, त्याचा त्या गावावर दावा, असा मामला झाला.

लिवोनियाचा (म्हणजे आजच्या लाटविया-एस्टोनियाच्या मुलखाचा) हेन्री नावाच्या पाद्र्याने १२२० च्या दशकात या सगळ्याचा वृत्तांत लिहिला. तो रीगाच्या बाजूचा, तेव्हा डॅनिश लोकांबद्दलचं त्याचं म्हणणं जपूनच घ्यायला हवं. पण तो सांगतो ते विलक्षण आहे. डॅनिशांना पाद्री कमी पडू लागले तेव्हा त्यांनी गावोगावी मोठे लाकडी क्रूस उभारायला लावले आणि शेतकऱ्यांच्याच हाती पवित्र पाणी देऊन ते शिंपडायला पाठवलं. रीगावाल्यांच्या आधी पोहोचणं महत्त्वाचं होतं. विरूमा भागातला ताबेलिन नावाचा मुखिया मात्र रीगावाल्यांकडून बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला होता. त्याबद्दल डॅनिशांनी त्याला फासावर दिलं.

पुढे १२३८ च्या तहाने उत्तर एस्टोनिया डॅनिश राजाकडे राहिला. १३४३ मध्ये शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं, ते मोडून काढल्यावर १३४६ मध्ये राजाने हा सगळा मुलूख ट्युटॉनिक या जर्मन लढाऊ साधूंच्या पंथाला १९,००० चांदीच्या मार्कांना विकून टाकला. त्यानंतर स्वीडन आलं, मग रशियाचा झार आला. वरचा धनी बदलत गेला, तरी जमीनदार, मोठे व्यापारी आणि नगरपरिषद जर्मन बोलणारी आणि शेतात राबणारा एस्टोनियन बोलणारा, ही मांडणी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली.

दोन इतिहासांच्या मधोमध

योहान्सेन यांचा जन्म २३ डिसेंबर १९०१ चा. टॅलिनचं तेव्हाचं अधिकृत नाव रेवाल, आणि ते झारच्या साम्राज्यात. घराणं डॅनिश, वाढ जर्मन संस्कृतीत, आणि आसपास एस्टोनियन भाषा. पुढे त्यांना जे कागद वाचायचे होते त्यांत या तिन्ही भाषांची माणसं होती, म्हणून हा योग मला मोठा वाटतो. सोळाव्या शतकातल्या जर्मन कारकुनाने एखादं एस्टोनियन नाव कानाला वाटलं तसं लिहिलं, तर मूळ नाव काय असेल हे ओळखायला दोन्ही भाषा कानात मुरलेल्या असाव्या लागतात.

त्यांच्या तरुणपणीच देश बदलला. २४ फेब्रुवारी १९१८ ला एस्टोनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, १९१९ च्या जमीन सुधारणेने जर्मन सरदारांच्या मोठाल्या जहागिरी गेल्या, आणि त्याच वर्षी टार्टू विद्यापीठात एस्टोनियन भाषेतून शिक्षण सुरू झालं. इतिहास लिहिण्यावरही याचा परिणाम होणारच होता. बाल्टिक जर्मन इतिहासकारांचा सूर असा, की आमच्या पूर्वजांनी या रानवट मुलखात शहरं, कायदा आणि धर्म आणला. एस्टोनियन राष्ट्रवादाचा सूर अगदी उलटा. कार्ल रॉबर्ट याकोबसन यांनी १८६८ च्या एका गाजलेल्या भाषणात एस्टोनियन इतिहासाचे तीन भाग पाडले होते: जिंकले जाण्याआधीचा उजेड, नंतरचा काळोख आणि आता उजाडू लागलेली पहाट.

दोन्ही कथनांत एक गोष्ट सारखीच होती. मधल्या काही शतकांतला एस्टोनियन माणूस दोन्हींत पार्श्वभूमीलाच उभा. एकात तो सुधारला जाणारा, दुसऱ्यात भरडला जाणारा. तो कुठल्या गावात राहायचा, गाव केवढं होतं, जमीन कशी वाटलेली होती, शहरात आला तर कुठलं काम धरायचा, हे त्यामुळे मागेच राहिलं होतं. योहान्सेन यांनी नेमकं हेच विचारलं.

ते कोपनहेगन आणि लाइपझिगला शिकले. लाइपझिगला रुडॉल्फ क्योट्श्के हे प्राध्यापक वस्त्यांच्या इतिहासाचे जाणकार होते. गावांची ठेवण, शेतांचे आकार, जमिनीची मापं यांवरून भूतकाळ वाचायचा ही त्यांची शिकवण. तिथेच १९२४ मध्ये योहान्सेन यांनी डॉक्टरेट मिळवली. मध्ययुगातल्या एस्टोनियनांच्या वस्त्या आणि शेती हा प्रबंधाचा विषय, आणि तो पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आला. म्हणजे पहिल्याच पुस्तकाच्या केंद्रस्थानी सरदार नव्हते, शेतकरी होते. त्याच सुमारास ते टॅलिनच्या नगर अभिलेखागारात नोकरीला लागले आणि १९३४ मध्ये त्याचे प्रमुख झाले.

या अभिलेखागाराबद्दल थोडं सांगायला हवं. टॅलिन हे हान्से या व्यापारी शहरांच्या संघातलं शहर. १२४८ मध्ये त्याला ल्युबेक शहराचा कायदा मिळाला, आणि त्या कायद्याने चालणारं शहर म्हणजे सतत नोंदी ठेवणारं शहर: नागरिक कोण झालं, घर कुणी विकलं, कर्ज कुणी दिलं, मृत्युपत्रात काय लिहिलं, कामगारांना किती पैसे दिले. हे शतकानुशतकांचे कागद मोठ्या प्रमाणात टिकून राहिले. योहान्सेन रोज त्यांच्यातच असायचे.

एक यादी आणि तिचा क्रम

आता त्यांच्या ज्या कामापाशी मला सगळ्यात जास्त रेंगाळायचं आहे, त्याकडे येतो.

कोपनहेगनला राजा वाल्डेमारची म्हणून ओळखली जाणारी एक जुनी लॅटिन नोंदवही आहे. राज्याचं उत्पन्न, जमिनी, येणी असा तिचा मजकूर. तिच्यात उत्तर एस्टोनियाची एक लांबलचक यादी आहे, सुमारे ५०० गावांची. आपला सातबारा जसा गाव, क्षेत्र आणि भोगवटादार सांगतो तसाच काहीसा हा ऐवज: गावाचं नाव, त्यात किती ‘आद्रामा’ जमीन, आणि ती कुणाकडे. आद्रामा हे एका नांगराच्या हिशेबाने धरलेलं जमिनीचं माप, कर आकारण्यासाठी वापरलेलं. काही ठिकाणी आधीच्या धन्याला हुसकावून लावल्याचीही नोंद आहे. एवढंच. ना वर्णन, ना गोष्ट.

वरवर पाहता ही इतकी कोरडी चीज आहे की चार ओळींत माणूस कंटाळेल. योहान्सेन यांनी तिच्यावर १९३३ मध्ये जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि उत्तर एस्टोनियाच्या मध्ययुगाबद्दल बोलताना आजही त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

पहिलं काम गावं ओळखण्याचं. डॅनिश राज्यातल्या लेखनिकाने एस्टोनियन नावं लॅटिन वळणाने लिहिलेली. यादीतलं ‘रापाल’ म्हणजे आजचं राप्ला, इतकं सोपं सगळीकडे नसतं. एकसारख्या नावांची गावं असतात, काही गावं जमीनदाराच्या वाड्याची शेती वाढत गेली तेव्हा तिच्यात गडप झाली, काहींची नावं बदलली. म्हणून तेराव्या शतकातल्या नावावरून थेट आजच्या नकाशावर उडी मारता येत नाही. मधल्या काळातल्या जमिनीच्या सनदा, सोळाव्या शतकातल्या वसुलीच्या वह्या, स्वीडिश अमदानीतले दप्तर आणि नकाशे अशा पायऱ्यांनी एकेक नाव खाली आणावं लागतं. एखादी पायरी सापडली नाही तर शेजारच्या गावांवरून अंदाज बांधायचा. असं शेकडो नावांचं केलं. उत्तर एस्टोनियातली कितीतरी खेडी आज आपला पहिला उल्लेख १२४१ चा म्हणून सांगतात ती या यादीच्याच आधाराने.

दुसरा प्रश्न त्यांनी विचारला तो जास्त खोल होता: ही गावं याच क्रमाने का लिहिली आहेत?

यादी मालकांप्रमाणे लावलेली नाही. एका धन्याची गावं इथेतिथे विखुरलेली दिसतात. अक्षरांप्रमाणेही नाही. गावं ओळखून झाल्यावर त्यांचा क्रम नकाशावर उतरवला तर एका गावाहून शेजारच्या गावाला, तिथून पुढच्या, अशी वाट उमटू लागते, जणू कुणी चालत गेलंय. योहान्सेन यांचं म्हणणं असं, की हे चालणारे लोक बाप्तिस्मा देणारे पाद्री होते. हेन्रीच्या वृत्तांतात जी घाईघाईची चढाओढ दिसते, तिच्यात डॅनिश पाद्री कुठून कुठे गेले याचा माग या यादीच्या पोटात राहिला आहे. म्हणजे यादीला थर आहेत. खालचा थर १२१९–२० च्या सुमाराचा, गावांचा आणि त्यांच्या आकाराचा. वरचा थर १२४१ च्या सुमाराचा, तेव्हाच्या धन्यांचा. लेखनिकाने दोन्ही एकत्र उतरवले.

हे महत्त्वाचं का? खालचा थर जिंकल्यानंतर लगेचचा असेल, तर त्यात दिसणारी गावं परक्यांनी वसवलेली असू शकत नाहीत. ती आधीपासून होती, मोजण्याइतकी सुस्थिर होती आणि आपापल्या परगण्यांत बांधलेली होती. ‘रानवट मुलूख’ आणि ‘हरवलेला सुवर्णकाळ’ या दोन्ही घोषणांपेक्षा हे चित्र कितीतरी ठोस आहे. एवढ्या आद्रामाचं गाव, त्याच्या शेजारी एवढ्याचं, मध्ये ही वाट.

त्यांचा प्रत्येक निष्कर्ष जसाच्या तसा टिकला असं नाही. यादीचा नेमका काळ, तिच्या मागची आधीची कागदपत्रं, पाद्र्यांचे मार्ग यांवर पुढच्या अभ्यासकांनी बरीच चर्चा केली आहे. पण ती चर्चा करायलाही गावांची जी ओळख लागते, तिचा पाया त्यांनीच घातला.

हिशेबाच्या वहीतल्या प्रार्थना

विद्यार्थी असतानाच, १९२३ मध्ये, टॅलिनच्या अभिलेखागारात योहान्सेन यांच्या हाती एक वही आली. ती कुल्लामा या खेड्याच्या धर्मग्रामाची, वसुलीच्या नोंदींची. तिच्यात येण्याबाकीच्या हिशेबासोबत एस्टोनियन भाषेतल्या प्रार्थना लिहिलेल्या होत्या: ‘आमच्या स्वर्गातल्या बापा’ ही प्रार्थना, मारियेची स्तुती आणि श्रद्धेची कबुली. १५२४ ते १५३२ या काळातलं हे लेखन, तिथल्या पाद्र्यांच्या हातचं. लोकांना त्यांच्या भाषेत प्रार्थना शिकवायची तर ती लिहून ठेवणं सोयीचं म्हणून हाताशी असलेल्या वहीत उतरवलेली. एस्टोनियन भाषेतले सलग असे आज हाती असलेले सर्वांत जुने मजकूर याच वहीतले.

१९२९ मध्ये असाच आणखी एक शोध लागला, तो मात्र हेलमुथ वाइस यांचा. टॅलिनमधल्या एका ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीत छापील कागदाचे तुकडे चिकटवलेले सापडले. पूर्वीचे बांधणीवाले पुठ्ठा जाड करायला रद्दी कागद वापरत, तसेच. ते तुकडे १५३५ मध्ये विटेनबर्गला छापलेल्या, लुथरन (प्रोटेस्टंट) धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीचे निघाले. सिमोन वानराट आणि योहान कोएल या दोन पाद्र्यांनी ती तयार केली होती, एका बाजूला जर्मन आणि समोर एस्टोनियन. तिच्यात चुका आहेत म्हणून ती मागे घेण्यात आली होती, त्यामुळे अख्खी प्रत कुठेच उरली नव्हती. वाइस आणि योहान्सेन यांनी मिळून हे तुकडे १९३० मध्ये प्रसिद्ध केले. छापील एस्टोनियन मजकुराचा आज हाती असलेला सर्वांत जुना नमुना तो हाच.

दोन्ही मजकूर जपण्यासाठी कुणी जपले नव्हते. एक हिशेबामुळे राहिला, दुसरा रद्दी म्हणून.

हॅम्बुर्ग

१९३९ च्या ऑगस्टमध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्यात करार झाला आणि त्याच्या गुप्त कलमांत एस्टोनिया सोव्हिएत वाट्याला गेला. ऑक्टोबरमध्ये हिटलरने पूर्वेकडच्या जर्मनांना ‘परत’ बोलावलं. १८ ऑक्टोबरला टॅलिनहून पहिलं जहाज निघालं आणि काही महिन्यांत तेरा हजारांहून जास्त बाल्टिक जर्मन एस्टोनिया सोडून गेले. शेकडो वर्षांचा एक समाज एका राजकीय सौद्यापायी उठवला गेला. योहान्सेनही त्याच लाटेत गेले. १९४० मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठात हान्से आणि पूर्व युरोपच्या इतिहासाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि शेवटपर्यंत ते तिथेच राहिले.

अभिलेखागाराचंही तेच झालं. १९४४ मध्ये मागे हटताना जर्मनांनी टॅलिनच्या जुन्या कागदपत्रांचा मोठा भाग सोबत नेला. युद्धानंतर तो पश्चिम जर्मनीत, बराच काळ ग्योटिंगेनला राहिला. सोव्हिएत एस्टोनियातल्या इतिहासकारांना आपल्याच शहराचे मध्ययुगीन कागद हाताळता येत नव्हते, आणि ज्याला ते पाठ होते तो माणूस पोलादी पडद्यापलीकडे होता. या नुकसानीचा हिशेब कुणाला मांडता येईल असं मला वाटत नाही.

हॅम्बुर्गला त्यांचा आवाका वाढला. बाल्टिकच्या किनाऱ्यावर शहरं रुजण्याआधी फिरत्या व्यापाऱ्यांची चर्चं उभी राहिली, तिथे माल सुरक्षित ठेवला जाई आणि त्याभोवती वस्ती जमे, ही मांडणी त्यांनी केली. १९५१ च्या पुस्तकात टॅलिनच्या स्थापनेआधीच्या स्कँडिनेव्हियन धर्मप्रसाराचा माग काढला. हे काम मोठंच आहे, पण त्यातली काही टोकं फार थोड्या पुराव्यावर उभी आहेत. मला त्यांचं मोठेपण जास्त दिसतं ते शहरातल्या साध्या माणसांवरच्या कामात.

मध्ययुगीन टॅलिनमध्ये सगळ्यांत वरच्या व्यापारी संघात वाटेल त्याला शिरता येत नसे. एस्टोनियन माणूस गाडीवान, हमाल, पाथरवट, विणकर, मोलकरीण अशा कामांत दिसतो. जर्मन कागदपत्रांत त्यांना एकत्रितपणे ‘जर्मन नसलेले’ म्हटलं जाई. ही भिंत किती उंच होती, कुठे ओलांडता येत होती, हे योहान्सेन घरांच्या, करांच्या आणि मजुरीच्या नोंदींतून नावानावाने तपासत राहिले.

गाडीवानाचा मुलगा?

त्याच तपासातून १९६४ मध्ये त्यांचं सगळ्यात गाजलेलं प्रतिपादन आलं. बाल्थासार रुसो हा टॅलिनच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमधला, एस्टोनियन मंडळीचा पाद्री. त्याने लिवोनियाचा वृत्तांत लिहिला, तो १५७८ मध्ये रोस्टोकला छापला गेला आणि इतका खपला की १५८४ मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली. रशियाचा झार इव्हान द टेरिबल याच्या सैन्याने टॅलिनला दोनदा घातलेला वेढा त्याने शहरात राहून पाहिला होता. सरदारांच्या खाण्यापिण्याच्या आणि उधळपट्टीच्या वागण्यावर तो असा तुटून पडतो की सरदार त्याच्यावर चिडून होते. त्याने लिहिलं जर्मनमध्ये, म्हणून तो जर्मनच, असं सगळे धरून चालले होते.

योहान्सेन यांनी शहरातल्या नोंदी जोडत दाखवायचा प्रयत्न केला, की त्याचा बाप सिमोन नावाचा गाडीवान होता, मूळचा कुरेवेरे गावचा, तटाबाहेरच्या कोळ्यांच्या वस्तीत राहणारा. म्हणजे एस्टोनियन. हे खरं असेल तर त्या काळातला सर्वांत वाचला गेलेला लिवोनियन इतिहास एका एस्टोनियन गाडीवानाच्या मुलाने लिहिला, आणि सरदारांवरचा त्याचा राग नव्याने वाचावा लागतो.

पुरावा परिस्थितीजन्य आहे: नावं, पत्ते, धंदे, वारसाहक्क यांची साखळी. ‘मी अमक्याचा मुलगा’ असं रुसोने कुठे लिहिलेलं नाही. तरी एस्टोनियात ही मांडणी फार खोलवर पोहोचली. यान क्रोस या कादंबरीकाराने तिच्यावर चार भागांची कादंबरी रचली आणि १९७० च्या दशकात, सोव्हिएत अमलाखाली, रुसो एस्टोनियन वाचकांच्या घराघरांत गेला. ते बघायला योहान्सेन नव्हते. १९ एप्रिल १९६५ ला हॅम्बुर्गमध्ये त्यांचं निधन झालं.

काम अर्धं राहिलं होतं. टॅलिनमधल्या जर्मन आणि बिगरजर्मन समाजांवरचं पुस्तक हाइन्त्स फॉन त्सुर म्युलेन यांनी पुरं केलं आणि ते दोघांच्या नावाने १९७३ मध्ये निघालं. रुसोवरचं पुस्तक म्युलेन यांनीच संपादित करून १९९६ मध्ये आणलं, लेखकाच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी. मधल्या काळात, १९९० मध्ये, कागदपत्रं टॅलिनला परतली. सोव्हिएत संघाने युद्धात नेलेले ल्युबेक, हॅम्बुर्ग आणि ब्रेमेनचे दप्तर जर्मनीला दिले आणि जर्मनीने टॅलिनचे दप्तर सोडले. आज रुसोच्या बापाबद्दल ज्याला शंका आहे तो टॅलिनमध्ये बसून मूळ वह्या उघडू शकतो, आणि योहान्सेन यांनी लावलेली साखळी एकेक कडी करून तपासू शकतो.